कपाळाच्या कातडीचं नाक

ऑपरेशनच्या आधी मॅडमनी, म्हणजे माझ्या सर्जन डॉक्टरांनी, माझ्या नाकाचं माप घेतलं ते टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर. मला टेबलावर बसवलं होतं, कारण आडवं झालं की गालाची कातडी कानाकडे सरकते आणि माप चुकतं. माझी उजवी नाकपुडी शाबूत होती. तिच्यावर तो कागद बोटाने दाबून बसवला, नखाने वळण उठवलं, कात्रीने कडेकडेने कापला आणि मग उलटा करून डाव्या बाजूला धरला, जिथे नाकपुडी नव्हतीच.

सतरा वर्षं मी अँगल-चॅनलची, म्हणजे लोखंडी गेट, मांडव करायची कामं करतोय. गेटाची डावी फळी करताना उजव्या फळीचा फर्मा उलटा टाकायचा, हे माझ्या हातातलं काम. तोवर चार महिने मला कोणी काय समजावलं ते धड डोक्यात शिरलं नव्हतं. तो कागद उलटा झालेला बघितला आणि वाटलं, ही बाई फर्मा टाकून काम करतेय, म्हणजे होईल.

अपघात एप्रिलमधला. पिंपळगावच्या पुढे नानांची द्राक्षबाग आहे. वादळात मांडवाचे अँगल वाकले होते, ते कापून नवे टाकायचे होते. खरड छाटणीचे, म्हणजे वेली छाटायचे दिवस, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. कोपऱ्यातला एक अँगल असा आडनिडा होता की ग्राइंडरचं चाक तिथवर पोहोचेना. मी गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, काढून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच काढलं. चाक कापात अडकलं आणि फुटलं. आवाज आठवतो, वेदना आठवत नाही. डोळ्यांवर गॉगल होता. त्याची काच तडकली, पण डोळा वाचला. चाकाचा तुकडा त्याच्या खालून गेला. डावी नाकपुडी, शेंड्याचा निम्मा भाग आणि शेजारच्या गालाची फाक घेऊन गेला.

नानांच्या सुनेने पाचोळ्यात शोधून तो तुकडा काढला आणि डब्यात बर्फ घालून त्यात टाकला. त्या माउलीची हिंमत मी आयुष्यभर विसरणार नाही. पण इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण शेतात, कारखान्यात अशी वेळ कुणावरही येते. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नये, बर्फाने तो जळतो. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. माझा तुकडा चाकाने इतका फाटला होता की कसाही आणला असता तरी बसला नसता, असं मॅडमनी नंतर सांगितलं. ते ऐकून नानांच्या सुनेला जरा बरं वाटलं. ती स्वतःला दोष देत बसली होती.

पिकअपमध्ये घालून ओझर, आडगाव करत मला नाशिकला आणलं. पहिल्या रात्री फक्त धुणं आणि गाल शिवणं झालं. धुणं म्हणजे ब्रशने घासणं. चाकाची काळी भुकटी आणि लोखंडाचा कीस जखमेत राहिला तर वरून कातडी भरते आणि खाली गोंदल्यासारखा डाग कायमचा बसतो. गाल पुढे ओढून शिवला. नाकाला मात्र त्या रात्री कुणी हात लावला नाही. आधी जखम भरू दे, कडा मऊ पडू देत, काय उरलंय आणि काय गेलंय ते नीट दिसू दे, मग बघू, असं ठरलं. त्या थांबण्यात चार महिने गेले.

त्या चार महिन्यांबद्दल घरात आम्ही अजून बोलत नाही, पण लिहितो.

हात तुटलेल्या माणसाला लोक विचारतात, मशीनमध्ये गेला का? नाक गेलेल्या माणसाला तसं विचारत नाहीत. आपल्या भाषेतच नाक म्हणजे अब्रू. नाक कापलं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी तोंडाला गमछा बांधून सीबीएसवर, नाशिकच्या बसस्टँडवर, उभा असलो आणि वाऱ्याने तो सरकला, की शेजारचा माणूस आधी माझ्याकडे बघायचा आणि मग माझ्या बायकोकडे. त्या दुसऱ्या नजरेत सगळं यायचं. एका नातेवाईक बाईंनी तर तिला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, भांडण कुणाशी झालं होतं?" लोखंड कापताना झालं हे तीन-तीनदा सांगूनही पटत नव्हतं. बायको त्यानंतर लग्नाकार्याला जाईनाशी झाली. मला नाकाचं जेवढं दुःख होतं, त्याहून जास्त याचं होतं. अजूनही आहे.

आईचं वेगळंच. नाशिक हे नाव नाकावरून पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापल्याची जागा दाखवतात. आईने मला त्या बाजूने गाडी न्यायची नाही अशी शपथ घातली होती. मी मोडली नाही. काम पडलं तर फेऱ्याने जायचो.

जुलैमध्ये मॅडमनी पुढचं समजावलं. डावी नाकपुडी आणि शेंडा करायला कपाळाची कातडी घ्यायची, तिला ते फ्लॅप म्हणतात. मी विचारलं, मांडीची घ्या की, कपाळ कशाला खराब करायचं? त्यांनी सांगितलं की मांडीवरून पातळ कातडी सोलून लावतात ती ग्राफ्ट. तिला स्वतःचं रक्त नसतं, खालच्या जागेवर ती जगते. माझ्या नाकात खाली जागाच नव्हती, आरपार भोक होतं. तिथे जी कातडी जाईल तिने आपलं रक्त आपल्यासोबत आणायला हवं. शिवाय रंग, जाडी आणि पोत यांत नाकाच्या सगळ्यात जवळची कातडी कपाळाचीच. भुवईच्या आतल्या टोकाशी एक बारीक रोहिणी वर कपाळात जाते. तिच्या आधाराने पट्टा उभा कापायचा, भुवईपाशी जोडलेलाच ठेवायचा आणि वरचं टोक खाली वळवून नाकावर शिवायचं. तो दांडा दोन भुवयांमधून नाकाच्या शेंड्यापर्यंत लोंबता राहणार. सहा आठवडे.

"सहा आठवडे असं फिरायचं?" बायकोने विचारलं.

"हो. नाकाने नवीन जागेवरून रक्त घ्यायला सुरुवात केली, की दांडा कापायचा. त्याआधी कापला तर पट्टा मरेल."

घरी येऊन मी हे नानांना फोनवर सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, हे भेटकलम आहे."

ज्यांना शेतीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्षाचं आपण पाचर कलम करतो. डॉगरिज जातीच्या वेलीच्या खुंटावर दुसऱ्या वेलीची काडी कापून आणून बसवायची, ती खुंटावर जगली तर जगली. आंब्याचं जुनं भेटकलम तसं नाही. रोप कुंडीत घेऊन थेट मोठ्या झाडाच्या फांदीपाशी नेतात, दोघांची साल थोडी सोलून एकमेकाला बांधतात आणि तसंच सोडून देतात. फांदी आईच्या झाडावरच असते, तिचंच पाणी पिते. दोन-अडीच महिन्यांनी सांधा जुळला, की मग खालून फांदी कापायची. नाना म्हणाले, "घाई करणाऱ्याचं भेटकलम वाळतं. डॉक्टरीणबाई म्हणेल तेवढे दिवस बांधून राहा."

मॅडमना पुढच्या वेळी हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या आणि मग त्यांनी मला जे सांगितलं त्याने मी खुर्चीत सरळ बसलो. हे ऑपरेशन विलायतेतून आलेलं नाही. सुश्रुतसंहितेत नाक बसवायची रीत आहे. त्यात झाडाचं पान नाकाच्या मापाने कापायचं आणि तेवढी कातडी गालावरून घ्यायची असं सांगितलंय. कपाळावरून घ्यायची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते काम डोळ्यांनी पाहिलं. १७९४ च्या ऑक्टोबरात त्याची हकिगत कावसजीच्या चित्रासकट लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने तिथे १८१४ साली पहिल्यांदा हे करून बघितलं. पुण्याच्या त्या कारागिराने मापासाठी मेणाची पातळ चकती नाकावर बसवून मग कपाळावर सपाट पसरली होती. आधी पान होतं, मग मेण आलं आणि माझ्यासाठी दोऱ्याच्या पाकिटाचा कागद.

त्या माणसाची जात छापली गेली, नाव नाही. मला याचं फार वाईट वाटतं. हाताने काम करणाऱ्यांचं असंच होत आलंय.

ऑगस्टमध्ये पहिलं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी एका पेनासारख्या यंत्राने भुवईपाशी ती रोहिणी शोधली. आत घुऽश घुऽश असा आवाज येत होता, मोटार चालू झाल्यावर पाइपात पाणी चढतं तसा. तिथे जांभळ्या शाईने खूण केली. माझं कपाळ कमी उंचीचं, त्यामुळे पट्ट्याचं टोक केसांत जाणार आणि नाकावर थोडे केस येणार, हेही आधीच सांगितलं होतं. तंबाखू दीड महिना आधीपासून बंद. ही अट त्यांनी हात जोडून घातली. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि ज्या पट्ट्याचा जीव एका बारीक वाहिनीवर टांगलाय त्याला तेवढं आवळणं पुरतं. पंधरा वर्षांची सवय होती. सुटली.

पाच तास लागले. जाग आली तेव्हा कपाळावर कुणीतरी शिकंजा कसून ठेवलाय असं वाटत होतं. नाकात नळी, तोंडाने श्वास. कपाळाची खालची जखम ओढून शिवली होती, वरचा भाग मात्र जुळत नव्हता म्हणून रुपयाच्या नाण्याएवढा उघडाच ठेवला होता. मला वाटलं राहून गेलं. तसं नव्हतं. ती जागा रोजच्या ड्रेसिंगवर आपोआप भरते, आणि ओढून शिवण्यापेक्षा चांगली भरते. माझी सहा आठवड्यांत भरली. आज तिथे फक्त थोडी चकाकणारी फिकट जागा आहे.

पहिली रात्र सिस्टर दर तासाला यायच्या. नवीन नाकावर बोट टेकवायच्या, उचलायच्या आणि बघत राहायच्या. दाबल्यावर पांढरं झालेलं दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. पांढरंच राहिलं तर रक्त येत नाही. लगेच गडद होऊन निळसर दिसलं तर आलेलं रक्त परत जात नाही. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला सिस्टरनी बोट उचललं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. काही न बोलता त्या फोनकडे गेल्या. नाकपुडीची कड वांग्याच्या रंगाची झाली होती. अर्ध्या तासात मॅडम आल्या. ड्रेसिंग दांड्यावर दाबत होतं ते कापून सैल केलं, दोन टाके काढले, मग सुईने कडेला टोचलं. आधी काळपट रक्त आलं. पुसलं. पुन्हा काळपट. माझी बायको माझा पाय धरून उभी होती. तिचा हात गार पडला होता ते मला कळत होतं. हळूहळू थेंब लाल येऊ लागला. मॅडम पहाट होईपर्यंत स्टूल टाकून बसून राहिल्या. अशा माणसाचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही.

घरी आल्यावरचे सहा आठवडे, ज्यांबद्दल आधी कुणी पुरेसं सांगत नाही.

दांड्याची मागची बाजू कच्ची असते, तिच्यावर कातडी नसते. तिला व्हॅसलीन लावलेली जाळी गुंडाळतात, तरी पहिले आठ-दहा दिवस रक्तपाणी झिरपतं आणि झोपेत डोळ्यात उतरतं. तीन उशा घेऊन अर्धवट बसून झोपायचं. खाली वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. चष्मा लावता येत नाही. शर्ट बटणांचाच घालायचा, डोक्यावरून काढायचा बनियन पेटीत. आरशात दोन डोळ्यांच्या मध्ये तो जाड पट्टा दिसायचा आणि टोकाला एक गोळा. नाक म्हणावं असं त्यात काही नव्हतं. बायको एकदा रात्री म्हणाली, "अहो, आधीचं बरं होतं का?" मी काही बोललो नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. कुणाच्या घरी हे चालू असेल तर सांगतो, या आठवड्यांतल्या चेहऱ्यावरून शेवटचा चेहरा ठरवू नका. सुजलेला, जाडा, वाकडा दिसतो, कारण काम अर्धंच झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली असती तरी पटली नसती. दुपारी मी खाटेवर पडलो होतो आणि कपाळावर माशी बसली. हाताने हाकलली, तरी तिथेच. पुन्हा हाकलली. कपाळावर काही नव्हतंच. मुलगी म्हणाली, "पप्पा, माशी नाकावर आहे." नाकावर बसलेली माशी मला कपाळावर कळत होती. पट्ट्यातल्या नसा अजून कपाळाच्याच होत्या, त्यांना आपण कुठे आलोय हे माहीत नव्हतं. मी बोटाने नाकाचा शेंडा घासून बघितला, तर भुवईच्या वर खाजवल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मला ती कातडी पहिल्यांदा जिवंत वाटली.

मधे गणपती आले. पहिलीतली माझी मुलगी सुरुवातीला जवळ यायची नाही. बाप्पा घरात बसल्यावर तिने आधी मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आईला जाऊन सांगितलं की पप्पांनाही सोंड आलीय. त्यानंतर ती न घाबरता माझ्या मांडीवर बसायला लागली. आरतीला आलेल्या प्रत्येकाला तीच सांगायची, ही सोंड विसर्जनानंतर काढणार आहेत. आईने त्या दिवशी मला कुंकू लावलं ते दांड्याच्या बाजूला, जरा जपून.

तिसऱ्या आठवड्यात दुसरं ऑपरेशन. पट्टा दांड्यासकट उचलून आतली चरबी आणि स्नायू काढून पातळ केला आणि कानाच्या मागून काप घेऊन कानाची कूर्चा (मऊ हाड) आत बसवली. नुसत्या कातडीची नाकपुडी श्वास ओढला की आत चिकटते, तिला आतून कमान लागते. शेडच्या पत्र्याखाली पर्लिन, म्हणजे आडवा लोखंडी आधार, टाकतो तशी. कान मात्र नाकापेक्षा जास्त दुखला. दहा दिवस त्या कुशीवर झोपता आलं नाही.

आणि सहाव्या आठवड्यात शेवटचं. मी टेबलावर जागा होतो, फक्त जागा बधिर केली होती. कापण्याआधी मॅडमनी दांड्याभोवती बारीक रबरी नळी आवळून बांधली आणि घड्याळ लावलं. कपाळाकडून येणारं रक्त बंद. आता नाक स्वतःच्या जिवावर राहतं का ते बघायचं. कुणी बोलत नव्हतं. मी छताकडे बघत होतो आणि नानांचं भेटकलम आठवत होतो. मॅडमनी बोट टेकवलं, उचललं.

"गुलाबी आहे," त्या म्हणाल्या, आणि कात्री मागितली.

उरलेल्या दांड्यातला थोडा भाग परत भुवईपाशी बसवला, नाहीतर भुवया जवळजवळ येतात. बाकीचा टाकून दिला. घरी येताना नाशिकच्याच द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी गमछा काढला आणि डाव्या नाकपुडीने श्वास घेतला. डिझेलचा धूर, भज्यांचं तेल. बायको बघत होती. मी तिला सांगितलं, वास येतोय.

त्यानंतरचं सगळं सावकाश चाललं. वर्षभर सूज उतरत होती. रोज दोनदा व्रणांवर बोटाने दाबून मालिश, सिलिकॉनची पट्टी, उन्हात निघताना सनस्क्रीन. उन्हाने नवीन कातडी काळी पडते आणि मग ती वेगळी दिसते. नाकावर केस आले ते लेसरने तीन-चार वेळा जाळले, अजून एखादा येतो. पैसे लागले, बायकोच्या पाटल्या मोडल्या, त्या अजून केलेल्या नाहीत. नाक आधीसारखं नाही. डावी नाकपुडी थोडी जाड आहे आणि थंडीत उजवीपेक्षा लाल होते. पण रस्त्यात आता कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, आणि बायको लग्नाला जाते. शेंड्याला बधिरपणा आहे. जेवढं कळतं तेवढं आता नाकावरच कळतं, कपाळावर नाही. हे कधी बदललं ते माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये नानांनी बोलावलं. तो कोपऱ्यातला अँगल वर्षभर तसाच वाकलेला होता. दुसऱ्या कुणाकडून करून घेतला नव्हता. मी खालून दोन बोल्ट सोडवून तो आधी बाहेर काढला, मोकळ्या जागेत आणून शिकंज्यात धरला, ग्राइंडरचं गार्ड हलवून तपासलं. नवा गॉगल घेतला होता, रबरी कडेचा. तो लावला, पट्टा मागे ओढला. बरोबर बसला. नाना शेडच्या दारात उभे होते. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि काप पूर्ण होईपर्यंत तो हातात धरून तशीच थांबली.

गॉगल काढल्यावर नाकावर दोन्ही बाजूंना सारखे वळ उठले होते.